कुणाच्या तोंडून ‘नाही’ ऐकाल?

२ नोव्हेंबर १९९०, शुक्रवार

जूनमध्ये सुट्टी संपवून नाशिकहून निघताना मधुमतीने ही डायरी बॅगेत कोंबली होती. म्हणाली, “तिथे मी नाही, मग भांडाल कुणाशी? यात भांडा.” पाच महिने कोरी राहिली. आज उघडली, कारण मेसमध्ये खरंच मारामारी झाली.

सौदीत कतीफच्या दक्षिणेला समुद्राजवळ आमचा कॅम्प. अठ्ठावन्न हिंदुस्थानी, त्यात निम्म्याहून जास्त रत्नागिरी-रायगडचे, बाकी आम्ही पुण्या-मुंबई-नाशिककडचे. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हापासून प्रत्येकाला घर दिसतंय. पण प्लांट चालू राहिला पाहिजे आणि पासपोर्ट मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, कपाटात. त्याने हुकूम काढला, आठवड्याला दोघेच सुट्टीवर जातील. कोण दोघे ते तुम्ही आपसात ठरवा, शनिवारी नावं माझ्या टेबलावर ठेवा. आपसात ठरवायचं म्हणजे आज डाळीचं पातेलं आडवं झालं आणि एका वेल्डरच्या पायावर सांडलं.

मी बाकावर चढलो. सोसायटीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो, असल्या सभा मी कोळून प्यायलो आहे. म्हटलं, एक पंच निवडू. मतदानाने. तो सांगेल त्याची सुट्टी. माझ्या दोस्ताने, विवेकने, शिट्टी मारली. बाकीचे डाळ पुसत होते.

५ नोव्हेंबर

वेल्डिंग इन्स्पेक्टर ड्वेन टेक्ससचा. उद्या त्यांच्याकडे निवडणूक आहे. त्याने मत पोस्टाने धाडलंय, पण नमुन्याची मतपत्रिका जवळ ठेवली होती, ती चहाच्या वेळी दाखवली. वर्तमानपत्राच्या पानाएवढी. त्यात गव्हर्नर वगैरे होतेच, पण खाली रांगच्या रांग न्यायाधीशांची! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

त्यांच्या राज्यात सर्वोच्च न्यायालयं दोन. एक जमीनजुमला, करार, नुकसानभरपाई यांचं; दुसरं फक्त गुन्ह्यांचं. त्याखाली अपिलाची, त्याखाली जिल्ह्याची. काही कोर्टं नुसती घरच्या भांडणांची, काही मृत्युपत्रांची. आणि या सगळ्या खुर्च्यांसाठी लोक मतं मागतात.

“यातल्या किती जणांना तू ओळखतोस?” मी विचारलं.

“एकालाही नाही. पक्ष बघतो आणि खूण करतो.”

“आणि एखाद्याने लोकांना न आवडणारा निकाल दिला तर?”

“पुढच्या वेळी घरी.”

मला हे फारच आवडलं. आपल्याकडे न्यायाधीश वरून येतो, कुठून येतो कळत नाही आणि बदली होऊन जातो. इथला काझीही राजाने नेमलेला. न्यायाधीशाला मतदाराचा थोडा धाक हवाच. संध्याकाळी नियम लिहून काढले. नियम सातवा माझा खास: दहा जणांनी सह्या केल्या तर पंच खाली उतरेल आणि पुन्हा निवडणूक होईल.

८ नोव्हेंबर

उमेदवार दोन. विवेक आमचा शिफ्ट सुपरवायझर, ठाण्याचा. सगळ्यांचा लाडका, व्हिडिओ कॅसेट्स त्याच्याकडे, सिगारेटी त्याच्याकडे, गाणी त्याच्याकडे. दुसरे हुसेनमियाँ, स्टोअरकीपर. वय अठ्ठावन्न, बाणकोटच्या खाडीकडचे, बावीस वर्षं या देशात. हातमोज्यांचा फाटका जोड दाखवल्याशिवाय नवा देत नाहीत, त्यामुळे लाडके कुणाचेच नाहीत. त्यांचं नाव माझ्या हाताखालच्या पाइपफिटर कादिरने घातलं, त्यांना न विचारता.

निम्म्या लोकांना वाचता येत नाही म्हणून रीतसर चिन्हं दिली. विवेकला छत्री, हुसेनमियाँना बादली. पोस्टर रंगवली. खोलीवार मतदारयादी केली. चिन्हाशिवाय निवडणूक म्हणजे काय निवडणूक!

१० नोव्हेंबर, शनिवार

आज मी तुरुंगात जाता जाता राहिलो.

सकाळी नऊला सिक्युरिटीचे प्रमुख अबू सालेह यांनी बोलावलं. टेबलावर माझी छत्री, माझी बादली आणि कॅम्पमधल्या प्रत्येक खोलीत किती माणसं झोपतात याची माझ्या सुवाच्य अक्षरातली यादी. बाहेर हायवेवर रणगाडे लादलेले ट्रेलर उत्तरेला चाललेत. मग मला कळलं की मी काय करून ठेवलंय. छत्री हा कुठला पक्ष, असं ते विचारत होते एवढं समजलं. माझं अरबी ‘खलास’, म्हणजे संपलं, आणि ‘यल्ला’, म्हणजे चला, या दोन शब्दांवर संपतं आणि दोन्ही तिथे उच्चारण्यासारखे नव्हते.

कादिरने धावत जाऊन हुसेनमियाँना आणलं. अंगावर स्टोअरची धूळ तशीच. ते शांतपणे दहा मिनिटं बोलले. हात जोडणं नाही, आवाज चढवणं नाही. अबू सालेह आधी ताठ होते, मग खुर्चीत मागे रेलले, शेवटी हसले.

“काय सांगितलंत?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“सांगितलं, दोन माणसं भांडली, दोघांनी आपल्या मर्जीनं मधी तिसऱ्याला बसवला, तो बोलेल ते कबूल केलं. हे त्यांच्या किताबांतबी हाय, जुनी गोष्ट. ते बोलले, मग असं सांगायचं ना. छत्री कशाला?”

पण अबू सालेहनी हद्द आखून दिली आहे. चोरी आणि रक्त असेल तर ते काझीच्या कोर्टात, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पगार आणि करार असेल तर लेबर ऑफिसात. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, आणि बाहेर जायचा शिक्का पासपोर्टवाल्यांकडे. उरलं ते तुमचं. आणि ज्याचं त्याने बोलायचं. पुष्कळ सह्यांचा एकही कागद मला कॅम्पमध्ये दिसता कामा नये. सातव्या नियमाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

परतताना हुसेनमियाँ सांगत होते. इथे लहान गुन्ह्यांचं कोर्ट वेगळं, मोठ्यांचं वेगळं. कतीफच्या शिया लोकांच्या लग्नाचं आणि वारशाचं बघायला त्यांचा स्वतःचा काझी. सरकारी खात्याविरुद्ध गाऱ्हाणं असेल तर त्याचं दारही निराळं. “लोक चुकीच्या दारात उभे रवतात आणि बोलतात, न्याय नाय,” ते म्हणाले. माझी एलएल.बी.ची दोन वर्षं झाली आहेत. तिथे हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

पोस्टर जाळली. मतदान तोंडी घ्यायचं ठरलं, एकेकाने माझ्या कानात नाव सांगायचं. मी म्हटलं, प्रश्न सोपा ठेवू: पंच म्हणून कोण हवा?

हुसेनमियाँ पहिल्यांदाच मध्ये बोलले. “आमच्या गावच्या जमातीत असं विचारत नाय, साहेब. माझा बाप वीस वर्षं पंच होता. तिथं विचारतात, ‘नाही’ कुणाच्या तोंडून ऐकाल?”

मला ते जरा उफराटं वाटलं, पण विचारलं. आणि गंमत बघा. परवापर्यंत विवेकच्या नावाने शिट्ट्या मारणारे माझ्यासमोर येऊन थबकत होते. एकजण तर दोन मिनिटं छताकडे बघत उभा. हुसेनमियाँ तेहतीस, विवेक एकोणीस, बाकी सहा इकडेतिकडे. स्वतः विवेकनेही हुसेनमियाँचं नाव सांगितलं! कान माझा होता म्हणून कळलं, कुणाला सांगणार नाही.

डायरीत खोटं कशाला? मी मत विवेकला दिलं. तो माझा दोस्त आहे, मला तो कधी ‘नाही’ म्हणणार नाही. थोडक्यात, मला ‘नाही’ ऐकायचंच नव्हतं.

हुसेनमियाँनी एकच अट घातली, सुट्टीच्या यादीतून त्यांचं स्वतःचं नाव काढायचं. वाट बघणारं घरी कोणी नसावं बहुतेक. बरंच झालं, एक माणूस कमी.

३० नोव्हेंबर

पंचाच्या कामाला दोन आठवडे झाले. मी कारकून म्हणून बसतो. आता लिहूनच टाकतो की असा माणूस मी पाहिलेला नाही.

पहिला खटला ट्रान्झिस्टर चोरीचा. युद्धाच्या बातम्यांसाठी ट्रान्झिस्टर म्हणजे इथे जीव. सगळ्यांना चोर कोण ते माहीत, सगळे म्हणाले, पंच, शिक्षा करा. हुसेनमियाँ म्हणाले, “ही चोरी असेल तर माझ्या दारातली नाय. काझीकडं जावं लागेल आणि काझीकडं गेलात तर काय होतं ते तुमाला ठाऊक हाय. दुपारपर्यंत इचार करा.” दुपारी ट्रान्झिस्टर मालकाच्या उशीखाली होता. मालक म्हणाला, मीच विसरलो होतो.

सुट्टीचे खटले स्टोअरमध्ये चालतात, गॅस्केटच्या खोक्यांवर बसून. त्यांची पद्धत अशी की स्वतःची बाजू कुणी मांडायचीच नाही. आधी दुसऱ्याची मांडायची. दुसरा जोवर ‘बरोबर’ म्हणत नाही तोवर पुढे जायचं नाही. काल एक इलेक्ट्रिशियन आणि एक गवंडी पाऊण तास एकमेकांची बाजू मांडत होते. शेवटी गवंडी म्हणाला, अरे, तुझ्या बहिणीचं लग्न आहे हे मला माहीत होतं, पण तिला बाप नाही हे कुठे माहीत होतं, जा तू. पंचाला निकालच द्यावा लागला नाही. मी मिनिट्स लिहायची विसरलो.

दर शुक्रवारी त्यांना एक निळं हवाई पत्र येतं. खिडकीशी उभे राहून हळूहळू वाचतात, घडी घालून वरच्या खिशात ठेवतात. बहिणीचं असावं.

२३ डिसेंबर

मधुमतीचा फोन लागला. पोटात गाठ आहे. मोठी आहे, काढावी लागेल, काढल्यावर तपासायला पाठवणार. ऑपरेशन १७ जानेवारीला. “घाबरू नका, तुमच्याशी भांडायला मी परत उठणार आहे,” म्हणाली आणि आवाज फुटला.

तिची आई अशीच ऑपरेशनला आत गेली होती आणि परत आली नाही. हे आम्ही दोघे बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

मला गेलं पाहिजे.

२७ डिसेंबर

मुदीरने सांगितलं, १५ जानेवारीची मुदत संयुक्त राष्ट्रांनी इराकला दिलीय, त्यामुळे शेवटचं विमान १३ ला. त्यात आपल्याला एकच सीट. त्यानंतर जे व्हायचं ते होऊन जाईपर्यंत कोणी हलणार नाही.

एकच सीट. अर्ज टाकला. सगळ्यांना मधुमतीचं कळलंय, कोणी आडवा येईल असं वाटत नाही.

२ जानेवारी १९९१

कादिर आडवा आला.

माझ्या हाताखालचा माणूस! सहा वर्षं मी त्याला व्हॉल्व्हचं काम शिकवलं. लग्न नाही, मूलबाळ नाही, अठ्ठावीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी. त्याला कसली एवढी घाई? दुपारी तो पाना मागायला आला तेव्हा मी बघितलंही नाही त्याच्याकडे. विवेक म्हणाला, “बाळकृष्ण, तू उगाच टेन्शन घेतोस. तुझी केस तर उघड आहे.” उघडच आहे.

५ जानेवारी, शनिवार

आज सीटचा खटला होता.

स्टोअरमध्ये मी, कादिर आणि हुसेनमियाँ. कादिरला माझी बाजू मांडायला सांगितली. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“साहेबांच्या बायकोच्या पोटात गाठ हाय. सतरा तारखेला ऑपरेशन. पोरगी मुग्धा बारावीला, ती आईसमोर रडत नाय, फोनवर बापाजवळ रडते. साहेब तिला बोलतात, काय होत नाय, साधी असेल. फोन ठेवतात आणि रुमाल काढून चष्मा पुसतात. डोळे नाय पुसत, चष्मा पुसतात. भाभींची आई ऑपरेशनात गेली. साहेबांना भय हाय की भाभी आत जाताना दरवाजाकडं बघतील आणि तिथं साहेब नसतील.”

“हे तुला कुणी सांगितलं?” मी ओरडलोच.

“फोनच्या लाइनीत मी तुमच्या पाठी असतो, साहेब.”

“बरोबर?” हुसेनमियाँनी विचारलं. मी चष्मा काढून पुसला. मान हलवली.

मग माझी पाळी. मी घसा साफ केला. “कादिरला घरी जायचंय. युद्ध होणार, सगळ्यांनाच जायचंय, तसं त्यालाही.” थांबलो. पुढे काही नव्हतं.

“कादिर, बरोबर?”

“नाय.”

“आणखी काही, साहेब?” हुसेनमियाँनी विचारलं. मी म्हटलं, बहुधा लग्न ठरत असेल. “नाय,” कादिर खाली बघत म्हणाला. हुसेनमियाँ उठले. “मंगळवारी या. तोवर माहिती करून घ्या.”

सत्तेचाळीस वर्षांच्या इंजिनिअरला गृहपाठ दिला! मी दार आपटून आलो.

७ जानेवारी

कादिरच्या खोलीवर गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याने चहा केला, साखर कमी घातली. मला कमी लागते हे त्याला ठाऊक. सगळं ऐकलं.

थोरला भाऊ शारीक कुवेतमध्ये गॅरेजात होता. २ ऑगस्टपासून त्याचा पत्ता नाही. वडील नाहीत. गावी आई एकटी, खाडीकाठच्या घरात. कुणी तरी तिला म्हणालं की त्या बाजूचे सगळे गेले. तेव्हापासून तिने धरलंय की दोन्ही मुलगे गेले आणि लोक तिच्यापासून लपवतात. तिला वाचता येत नाही. कादिरचं पत्र शेजारीण इस्मत वाचून दाखवते, तर म्हणते, तू मनाचं वाचतेस. मग कादिरने आपला आवाज कॅसेटवर भरून पाठवला. इथले सगळेच पाठवतात, सलाम, हालहवाल, कोंबड्यांची चौकशी. आईने कॅसेट ऐकली आणि म्हणाली, ही जुनी आहे, मागच्या वर्षीची.

जेवण सोडलंय. दिवसाला दोन घोट पेज. इस्मतने लिहिलंय, तू समोर उभा राहून तिचा हात तुझ्या तोंडावर ठेवल्याशिवाय तिला पटायचं नाही, आणि फार दिवस आता नाहीत.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी कधी इचारलं नाय, साहेब.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

८ जानेवारी, मंगळवार

मांडली. आधी वाटलं होतं की थोडक्यात मांडीन, म्हणजे नियमही पाळला जाईल आणि फार जोरही येणार नाही. असा हिशेब मी केला होता, हे लिहून ठेवतो. पण कॅसेटपाशी आलो आणि राहवेना. मी पेजेचं सांगितलं, आईच्या हाताचं सांगितलं. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नसेन. बोलता बोलता मला कळत होतं की मी माझी सीट माझ्याच तोंडाने घालवतोय.

“बरोबर?”

“बरोबर,” कादिर म्हणाला. तो रडत होता.

हुसेनमियाँनी मला विचारलं, “वहिनींजवळ कोण हाय?”

“मुग्धा. माझा मेहुणा मनीष. शेजारपाजार.”

“तुमी जिते हात हे त्यांना पटतं?”

“पटतं म्हणजे? दर आठवड्याला भांडते.”

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, “सीट कादिरची. वहिनींचं भय मी हलकं धरलं नाय, साहेब. पण देयाला एकच हाय.”

मी ‘ठीक आहे’ म्हटलं. ठीक काहीही नव्हतं.

९ जानेवारी

विवेक कागद घेऊन आला. सातवा नियम. नऊ सह्या. “दहावी तुझी. पुन्हा निवडणूक घेऊ, मी निवडून येतो, तासाभरात तुझं नाव मुदीरकडे. नियम तुझाच आहे, यार.”

मी पेनाचं टोपण काढलं. होय, काढलं. मग कागद तसाच घेऊन स्टोअरमध्ये गेलो. काय करायला, मला सांगता येणार नाही. बहुतेक त्यांना घाबरलेलं बघायला.

हुसेनमियाँ गॅस्केट लावत होते. कागद वाचला, परत दिला. “तुमचा हक्क हाय. करायची तर करा.”

“अबू सालेहना सांगणार का? सह्यांचा कागद आहे.”

“कशाला? हे आपल्यातलं हाय.”

“आणि मी सही केली तर निकाल बदलाल?”

“नाय. मी उतरेन. निकाल तोच रवतो, दुसऱ्यानं बदलला तर बदलला.” मग खिशातून ते निळं पत्र काढून, हात लांब करून म्हणाले, “साहेब, यात एक अक्षर लागत नाय, बघा जरा.” मराठीच होतं. शब्द होता ‘मोतीबिंदू’. पुढे लिहिलं होतं, तुम्ही आल्यावरच डोळ्यांचं करू, तोवर चालवते. खाली नाव बदरुन्निसा. मी वाचून दाखवलं. त्यांनी घडी घातली.

कागद फाडला. विवेकला सांगितलं, पेन चालत नव्हतं. तो हसला. तोही वाईट माणूस नाही.

१० जानेवारी

हाताखालच्या माणसाच्या सुट्टीच्या फॉर्मवर इंजिनिअरची सही लागते, म्हणजे माझी. कादिरचा फॉर्म सकाळपासून टेबलावर होता. अकरा वाजता सही केली.

११ जानेवारी, शुक्रवार

मधुमतीला सांगितलं. आधी युद्धाचं, विमानाचं कारण सांगणार होतो. नंतर वाटलं, लाइनीत पाठी माणसं आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांच्यासमोर खोटं कसं बोलू? सगळं सांगितलं. पेज, कॅसेट, सगळं.

रियाल खळाखळा आत जात होते.

“त्याची बाजू तुम्ही मांडलीत?”

“हो.”

“नीट मांडलीत ना? का नेहमीसारखी अर्धी?”

“पूर्ण मांडली.”

“मग ठीक,” म्हणाली. मग अगदी लहान आवाजात, “मला भीती वाटते हो,” आणि रियाल संपले.

१३ जानेवारी

कादिर गेला. निघताना माझ्या पाया पडायला वाकला, मी रागावलो. त्याच्या हातात एक लहान पुडकं होतं, डोळ्यांत घालायचं औषध. “हुसेनचाचांनी चाचीसाठी दिलं.”

“चाची कोण?”

“त्यांची बायको. बदरुन्निसाचाची. आता दिसत नाय त्यांना बरोबर. चार वर्षं झाली चाचा गेले नाय गावाला. खरं तर पहिला नंबर त्यांचाच होता.”

गाडी गेली तरी मी फाटकात उभा. यादीतून नाव काढायची अट घातली तेव्हा मी लिहिलं होतं, बरंच झालं, एक माणूस कमी. मागे जाऊन ते पान वाचलं. खोडलं नाही, राहू दे तसंच. मोठी माणसं पुस्तकांत असतात अशी माझी समजूत होती. हा माणूस मला रोज गॅस्केट देतो.

१७ जानेवारी, गुरुवार

पहाटे युद्ध सुरू झालं. सकाळपासून विमानं डोक्यावरून जाताहेत, मेसमधल्या पेल्यांची थरथर थांबत नाही. सगळ्यांना गॅस मास्क वाटले. हुसेनमियाँनी प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघितला. माझाही.

नाशिकला आता दहा वाजले असतील. आत नेलं असेल.

फोन बंद.

१९ जानेवारी

फोन बंद. भोंगे दोनदा. तळघर नाही म्हणून स्टोअरमध्येच सगळे बसतो, ओल्या टॉवेलांनी दाराच्या फटी बुजवून. आज हुसेनमियाँ माझ्या शेजारी होते. मी म्हटलं, “तुमच्यावर मी फार रागावलो होतो.” ते म्हणाले, “ठाऊक हाय.” मग म्हणाले, “मी पण माझ्यावर. वहिनींची खबर येईपर्यंत मना झोप नाय.” निकाल देणाऱ्याची झोप जाते हे माझ्या कुठल्याच नियमात नव्हतं.

२१ जानेवारी

तारही जात नाही. आज काहीही लिहावंसं वाटत नाही.

२३ जानेवारी, बुधवार

लागला! दुपारी सव्वादोनला. माझ्या पाठी चाळीस माणसांची लाइन. मुग्धा ओरडत होती, “बाबा, शी इज ओके! गाठ साधी होती, रिपोर्ट आला, एकदम साधी!” मी तेच शब्द मोठ्याने परत म्हटले. पाठीमागे कुणी टाळ्या वाजवल्या. लाइनीत शेवटी हुसेनमियाँ होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिथेच खाली वाळूत बसले.

मग मधुमती फोनवर आली. आवाज बारीक, पण तिचाच. मला वाटलं, कसे आहात, जेवलात का, सायरन वाजतात का, हे विचारेल. मीही असंच काही विचारणार होतो.

“कादिरची आई जेवली का?”

“पत्र नाही आलं अजून. टपाल बंद आहे.”

“मग पाठपुरावा करा ना. सीट तुम्ही एकट्याने नाही दिलीत. अर्धी माझी होती.”

पुढचा माणूस ‘यल्ला, साहेब’ म्हणायला लागला. मी फोन ठेवला. डोळे पुसले.

खोलीवर येऊन कादिरला पत्र लिहायला घेतलं. टपाल निघेल तेव्हा निघेल. खुशाली, हवापाणी, प्लांट, युद्ध, कशानेच सुरुवात केली नाही. पहिल्या ओळीत एवढंच लिहिलं: आई जेवली का?